रेंजरकाकांच्या खोलीतला ओलावा

रविवार, ६ फेब्रुवारी १९५५. वेळ संध्याकाळी सहाची. जागा रेवदंड्याच्या आमच्या घरातली पश्चिमेकडची खोली. हवेतला ओलावा शेकडा एक्कावन्न. हजर माणसे तीन: आमचे भाडेकरू रेंजरकाका, माझी पत्नी सुमती आणि मी. मी तोंडाने आकडा सांगितला तो बहात्तर. वहीत मात्र एक्कावन्न आहे. हा फरक पडला कसा आणि पुढे चौतीस दिवस मी तो का राहू दिला, हे सांगायचे तर आधी रेंजरकाका कोण होते ते सांगायला हवे.

काका झाडे डोळ्यांनी पाहत नसत, बोटांनी पाहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेचे नाव काढले की ते विषय बदलत. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ते खोलीभर टांगलेल्या झाडांपाशी एकेक करून जात, प्रत्येकाचे एक पान अंगठा आणि तर्जनीत धरत आणि हलकेच दाबत. पान ताठ लागले की "हं" म्हणत आणि पुढे सरकत. ते नरम लागले की "का रे बाबा?" असे विचारून तिथेच थांबत. घरात पाहुणा असला तर त्याला वाटे की काका माणसाशीच बोलत आहेत, आणि तो बिचारा उत्तर देई.

ते जंगल खात्यातून निवृत्त होऊन १९५३ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आले. पत्नी वारली होती, एकुलती मुलगी साताऱ्याला दिलेली. म्हसळ्याच्या रानात नोकरीची शेवटची वर्षे गेली होती. सामान मचव्यातून बंदरावर उतरले: एक पेटी, एक वळकटी आणि सात करंड्या. करंड्यांत नारळाच्या सोडणांवर बांधलेली त्रेचाळीस झाडे होती. गाडीवान धर्माने एका करंडीत डोकावून पाहिले आणि हसत सुटला.

"काका, ही बांडगुळं हाय. आमी आंब्यावरनं तोडून टाकतो ती, तुमी गाडीभाडं देऊन आनता व्हय?"

"बांडगूळ झाडाचं रक्त पितं रे," काका म्हणाले. "ही आमरी, साहेबलोक ऑर्किड म्हणतात ती. झाडावर नुसती बसते. खाते-पिते ती हवेतलं."

"मंग झ्याक हाय," धर्मा म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला दावा ती. त्यो बी बसतो नुसता, पर खातो माझं."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. तो खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि हसण्याचाच भाग समजलो.

माझीही समजूत धर्माहून वेगळी नव्हती. मी मामलेदार कचेरीत कारकून. झाडाला पाणी घालायचे ते मुळात, एवढे मला ठाऊक. काकांच्या झाडांची मुळे हवेत लोंबत, पांढरट, दोरीसारखी. काका त्यांच्यावर पाणी ओतत नसत. ते परातीत गोटे पसरून गोटे अर्धे बुडतील इतके पाणी ठेवत, खिडकीला ओले गोणपाट लावत आणि समोरची दुसरी खिडकी बोटभर उघडी ठेवत. "पाणी झाडाला पाजायचं नाही, हवेला पाजायचं," ते सांगत. "आणि हवा कोंडायची नाही. कोंडलेल्या ओलाव्यात पान कुजतं, वाहत्या ओलाव्यात जगतं." मी हे नीट ऐकून घेई, पण हवा वाहती ठेवायची तर ओलावा टिकणार कसा आणि ओलावा टिकवायचा तर खिडकी उघडी कशाला, हे मला कित्येक महिने कळत नव्हते.

झाडे खोलीत का, बाहेर का नाहीत, असे मी विचारले होते. पहिल्या हिवाळ्यात ती बाहेर पडवीतच होती. आमचे घर समुद्राच्या अंगाला आहे. खाऱ्या वाऱ्याने पानांची टोके करपली आणि चार झाडे गेली. मग सगळी आत आली. राहिली एकोणचाळीस.

कडक उन्हाळ्यात काका साठवलेले पावसाचे पाणी झाडांवर हलकेच शिंपडत; पुढे मे महिन्यात रांजणातले ते पाणी संपले. काका त्या दिवशी तापाने पडून होते म्हणून सुमतीने आपण होऊन विहिरीचे पाणी झाडांवर शिंपडले. आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते आम्ही भांड्याला वापरतो, पण पीत नाही, हे तिला माहीत होते. झाडांनाही ते चालणार नाही हे तिच्या ध्यानात आले नाही. आठवडाभरात मुळांवर पांढरी पुटे चढली. काकांनी बोट फिरवून ते चाटून पाहिले, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोड्या विहिरीवरून चार हंडे आणवले आणि एकेक मूळ धुतले. तरी दोन झाडे गेलीच. सुमती रडकुंडीला आली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, चूक विहिरीची आहे. तिला कोणी सांगितलं समुद्राशेजारी राहायला?" राहिली सदतीस.

प्रत्येक झाडाला तारेने एक पत्र्याची चकती बांधलेली असे आणि चकतीवर एक आकडा ठोकलेला. मला आकड्यांचा नाद. मी विचारले, "हे अनुक्रमांक सलग का नाहीत? एकशे चारनंतर एकदम दोनशे साठ कसा?"

काकांनी एक चकती पानाआडून पुढे ओढली. म्हणाले, "हे या झाडांचे आकडे नाहीत. ही ज्या झाडांवर होती त्यांचे आहेत. लढाईच्या वर्षांत लाकडाची मागणी फार. कोणतं झाड तोडायचं ते मी ठरवायचो आणि हातोड्याने त्याच्यावर छाप मारायचो. झाड आडवं झालं की फांद्यांवर ही हिरवीगार बसलेली दिसायची. लाकूड वखारीला जायचं, फांद्या जळणाला. मग मी संध्याकाळी करंडी घेऊन परत जायचो."

"सगळी आणलीत?"

"अहो कारकून, हजारो होती. त्यातली ही." एवढे बोलून त्यांनी चकती परत पानाआड सारली.

त्यानंतर मी त्या झाडांना बांडगूळ म्हटले नाही.

काकांकडे खात्याच्या लिलावात घेतलेली एक फळी होती, तिच्यावर दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या चिंधीची टोपी. दोन्हींचे आकडे वाचायचे, वजाबाकी करायची आणि छापील तक्त्यात पाहायचे, की हवेतला ओलावा शेकडा किती ते कळते. काकांना ते बारीक आकडे दिसेनासे झाले तेव्हा हे काम माझ्याकडे आले. रोज कचेरीतून आल्यावर सहा वाजता मी वाचन घेई, वहीत लिही आणि मोठ्याने सांगे. पासष्टच्या खाली असेल तर काका गोणपाट भिजवत आणि पराती भरत. ऐंशीच्या वर असेल तर दोन्ही खिडक्या सताड उघडत. मधला आकडा आला की मान डोलवून खाटेवर बसत.

सुमतीला माझ्या तापमापकांचे फारसे कौतुक नव्हते. तिचे माप मिठाची बरणी. ती स्वयंपाकघरातूनच ओरडे, "आज मीठ सुटसुटीत आहे, तुमचे पन्नास-पंचावन्न असणार." किंवा, "बरणीत पाणी सुटलंय, नव्वदच्या पुढे लिहा आणि उठा." बहुतेक वेळा ती दोन-चार टक्क्यांत बरोबर असे. काका मला चिडवत, "सरकारने तुम्हांला पगार द्यायचा तो वहिनींच्या बरणीला द्यावा."

१९५४ चा पावसाळा काकांना जड गेला. भिंतींवर काळी बुरशी आली, उशीला वास येऊ लागला, आणि रात्रभर त्यांच्या छातीतून शिटीसारखा आवाज भिंतीपलीकडे आम्हांला ऐकू येई. पाऊस गेल्यावर बरे वाटेल म्हणालो. पाऊस गेला, पण काका हवा कोरडी पडली म्हणून गोणपाट भिजवत राहिले. खोलीतला पावसाळा संपलाच नाही. डिसेंबरात अलिबागहून डॉक्टर आणवले. त्यांनी खोलीत पाऊल ठेवले, भिंत पाहिली, टांगलेली झाडे पाहिली आणि मला बाहेर नेऊन सांगितले, "ही खोली अशीच ओली राहिली तर हा माणूस पुढचा पावसाळा काढणार नाही. एक तर झाडं बाहेर, नाही तर हे बाहेर."

मी काकांना आमच्या माजघरात झोपायला बोलावले. दोन रात्री आले आणि तिसऱ्या दिवशी वळकटी उचलून परत गेले. "तिकडे त्यांचं काय चाललंय ते कळत नाही," म्हणाले. मुलगी साताऱ्याला बोलावत होती. तिथली हवा कोरडी, पण त्या हवेत झाडे जगणार नाहीत असे काकांचे म्हणणे. डॉक्टरांचे बोलणे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "आयुष्यात एवढ्या झाडांवर छाप मारली. आता सदतीस राखायची म्हटलं तर डॉक्टर माझ्यावरच छाप मारतात."

आता ती ६ फेब्रुवारीची संध्याकाळ. कोरडा तापमापक ऐंशी अंश फॅरनहाइट, ओला सदुसष्ट, फरक तेरा. तक्त्याचा कागद घडीवर फाटला होता आणि मी तो दुमडलेलाच हातात धरला होता. मधले रकाने घडीत गेले. माझे बोट तेराच्या रकान्याऐवजी सातावर पडले. मी म्हणालो, "बहात्तर." काकांनी मान डोलावली. गोणपाट त्या दिवशी कोरडेच राहिले. चूक माझ्या ध्यानात आली ती जेवण झाल्यावर, वहीत उतरवताना. मी एक्कावन्न लिहिले आणि सकाळी सांगू म्हणून झोपलो.

सकाळी काका चहाला आमच्याकडे आले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "वहिनी, आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा सलग झोप लागली," ते म्हणाले. सुमतीने माझ्याकडे पाहिले. मी चूक सांगायला तोंड उघडले आणि चहा प्यायलो.

त्या संध्याकाळी आकडा त्रेपन्न होता. मी सत्तर सांगितला.

मी आजवर कचेरीत एक आकडा खोटा लिहिलेला नाही. हाही लिहिला नाही. वहीत खरा आणि तोंडाने दुसरा, असे चालले. काही दिवसांनी आदल्या दिवशी तोंडाने काय सांगितले ते आठवेना, म्हणून तेही शेजारी पेन्सिलीने लिहू लागलो. म्हणजे खोटेपणाचा हिशेब मी प्रामाणिकपणे ठेवत होतो. मी हे का करतो आहे, असे सुमतीने एकदाच विचारले. मी म्हणालो, "ते झोपतात म्हणून." ती म्हणाली, "आणि झाडं?" मी म्हणालो, "बघू." त्या 'बघू'त मला स्वतःलाच काय म्हणायचे होते, सांगता येत नाही. कधी वाटे, माणूस मोठा की झाड? कधी वाटे, हे ठरवणारा मी कोण?

दहा-बारा दिवसांत पाने सुरकुतू लागली. काका एकेका पानापाशी आता फार वेळ थांबत.

"काल किती होता आकडा?"

"एकाहत्तर."

"परवा?"

"बहात्तर."

"मग हे पान असं का लागतंय? पासोडीच्या कडेसारखं?" ते आपली बोटे धोतराला पुसत आणि पुन्हा पान धरत. "डोळे गेले ते गेले, आता बोटंही गेली की काय!"

एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारले, "वहिनी, मीठ कसं आहे आज?"

सुमतीच्या हातात बरणी होती. मीठ खडखडीत होते. तिने बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दमट आहे काका."

"हं," काका म्हणाले. "म्हणजे माझंच चुकतंय." त्यांची पाठमोरी आकृती परत खोलीत गेली. सुमतीने बरणी फळीवर इतक्या जोरात ठेवली की झाकण उडाले.

तोपर्यंत काकांची तब्येत खरोखर सुधारली होती. शिटी थांबली होती. ते बंदरापर्यंत चालत जाऊन येत. रस्त्यात कोणी "काका, तब्येत झकास हाय!" म्हटले तर ते गोंधळून म्हणत, "माझी आहे रे. घरची मंडळी आजारी आहेत."

शिमगा झाला, त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी खोलीत गेलो तेव्हा काका जमिनीवर पाट मांडून बसले होते. समोर सोडणावरून सोडवलेली झाडे आणि हातात धारदार चाकू.

"विचार करून सापडलं," ते म्हणाले. "हवा ओली आहे आणि तरी पान सुरकुततं, याला एकच कारण. मूळ आतून कुजलं असणार. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. सडका भाग कापायला हवा." त्यांचा तर्क बिनचूक होता. आकडा तेवढा माझा होता.

त्यांनी पहिले मूळ कापले. कापलेले टोक बोटाने चाचपले आणि माझ्याकडे धरले. "बघा. सडलंय?"

टोक पांढरेशुभ्र होते. "नाही."

"मग आणखी वर असेल." त्यांनी आणखी वर कापले. तेही पांढरे. दुसरे झाड घेतले, मग तिसरे. प्रत्येक वेळी ते "सडलंय?" विचारत आणि मी "नाही" म्हणे. चौथ्या झाडाचेही मूळ कापून झाले. "कुठे सडलंय हो मग? मला का सापडत नाही?"

दारात सुमती आली होती. ती म्हणाली, "काका, थांबा. मीठ कोरडं आहे."

चाकू थांबला.

"महिनाभर कोरडंच आहे," ती म्हणाली.

काकांनी मान माझ्या दिशेने वळवली. "वहीत किती?"

"काल चौपन्न."

"किती दिवस?"

"चौतीस."

ते रागावतील म्हणून मी तयार होतो. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला वही आणायला सांगितली आणि चौतीसच्या चौतीस दिवसांचे दोन्ही रकाने वाचून घेतले. आधी खरा, मग तोंडचा. मध्ये एकदा थांबवून म्हणाले, "त्या दिवशी मी बंदरावर चालत गेलो होतो ना?" मी हो म्हटले. "आणि त्याच दिवशी दोनशे साठ नंबरचं पान गळलं." वाचून झाल्यावर त्यांनी चाकू पुसून बाजूला ठेवला.

"तुम्हांला शिव्या द्याव्यात की पाया पडावं, तेच कळत नाही," म्हणाले. "बोटं शाबूत आहेत एवढं कळलं. तेही थोडं नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः गोणपाट भिजवले. चौथ्या दिवशी पहाटे छातीतली शिटी परत सुरू झाली. पाचव्या दिवशी त्यांनी मला मुलीला पत्र लिहायला बसवले.

एप्रिलमध्ये ते साताऱ्याला गेले. निघताना सांगितले, "पाऊस लागेपर्यंत तुम्ही सांभाळा. गोणपाट भिजवा, तुम्हां दोघांची छाती चांगली आहे. पाऊस लागला की म्हसळ्याच्या रानात न्या आणि झाडांवर बांधा. उत्तरेच्या अंगाला, माणसाच्या डोक्याच्या वर. आणि जगली-मेली तो आकडा कळवा." एस.टी.त बसताना त्यांनी सुमतीच्या हातात एक पान ठेवले, गळून पडलेले, सुरकुतलेले. "हे दाबून पाहत जा," म्हणाले. "असं लागलं की समजायचं."

जूनच्या मध्याला रजा काढून मी निघालो. साळावची होडी, मग एस.टी., आगरदांड्याहून दिघीची लाँच, पुन्हा एस.टी. करंड्या चार. मुळे कापलेली चार झाडे आधीच गेली होती आणि उन्हाळ्यात आणखी चार. सदतीसातून आठ गेली, एकोणतीस राहिली. दोन दिवस पावसात भिजत मी एकोणतीस आमऱ्या एकोणतीस झाडांवर काथ्याने बांधल्या. गणेशचतुर्थीनंतर पुन्हा जाऊन पाहिले. सगळ्यांनी साल धरली होती. परत येऊन मी काकांना पत्र टाकले: एकोणतीस जिवंत.

उलट टपाली मुलीच्या अक्षरात कार्ड आले. मजकूर काकांचा, एकाच ओळीचा: "पत्रात एकोणतीस लिहिलेत. वहीत किती?"

वहीतही एकोणतीसच होते. पण तसे लिहून काय उपयोग? ते पुन्हा माझेच सांगणे झाले असते. दसऱ्याला मी तिसऱ्यांदा म्हसळ्याला गेलो. काकांच्या हाताखाली काम केलेला एक जंगलरक्षक तिथे होता. त्याला जागा दाखवली आणि म्हणालो, "मी इथे बसतो. तुम्ही एकटे जा, मोजा आणि तुमच्या हाताने लिहा." तो दोन तासांनी आला. कागदावर लिहिले होते, अठ्ठावीस.

मला पुन्हा मोजावे असे वाटले. पण मी मोजून एकोणतीस भरली असती तर कोणता आकडा पाठवायचा? मी त्याचाच कागद पाकिटात घातला.

काकांचे कार्ड आले: "अठ्ठावीस पोचले. एवढी जगली, पुष्कळ झाले. आता शांत वाटते."

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी सहज म्हणून त्या रानात गेलो. दोनशे साठ नंबरची चकती एका उंबराच्या मागच्या फांदीला, पायवाटेवरून न दिसणाऱ्या बाजूला होती. तिथे वेणीसारखा फुलांचा घोस हातभर खाली लोंबत होता. पान दाबून पाहिले, ताठ होते.

घरी येऊन कार्ड लिहायला घेतले. अठ्ठावीस नव्हे, एकोणतीस, एवढेच लिहायचे होते. सुमती म्हणाली, "खरं आहे ते कळवा." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण पुन्हा विचारतील, वहीत किती." कार्ड तीन दिवस टेबलावर पडून राहिले. ते मी टपालात टाकले नाही.

काका १९५७ च्या हिवाळ्यात गेले. मुलीने लिहिले की शेवटपर्यंत श्वासाचा त्रास झाला नाही, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माझी अठ्ठावीस आहेत म्हसळ्याला. मी सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यातही एकोणतिसाव्या झाडाचा उल्लेख केला नाही.